टॉवेलच्या कारखान्यात आठ आयपी कॅमेरे: मोजपट्टीपासून प्लेबॅकपर्यंत

दुकानात जाऊन "आठ कॅमेऱ्यांचा सेट द्या" म्हटलं की सेट मिळतो आणि संध्याकाळपर्यंत बसूनही जातो. दोन महिन्यांनी गोडाऊनमधून टॉवेलची एक गाठ कमी भरते, रेकॉर्डिंग उघडलं जातं आणि पडद्यावर दिसतो एक टोपीवाला ठिपका. कॅमेरा चालू असतो, रेकॉर्डिंगही असतं, फक्त माणूस कोण ते कळत नाही. म्हणून कॅमेरा सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी प्रश्न ठरवायचे, मग अंतरं मोजायची, मग केबल आणि वीज बघायची.

इथे नमुना म्हणून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक मध्यम टॉवेल कारखाना धरू: एक लूमशेड (यंत्रमागांची शेड), शिलाई-पॅकिंगचा हॉल, गोडाऊन, ऑफिस आणि गेट. शहराच्या पूर्व भागात घराला लागून चार लूम असतील तरी हिशेब हाच राहतो, आकडे तेवढे लहान होतात.

कागदावरचं काम

कारखान्याचा हातानं काढलेला नकाशा पुरतो. प्रत्येक जागेसमोर एकच प्रश्न लिहा. गेट: आत आलेला माणूस कोण? गोडाऊनचं दार: गाठ कोणी उचलली, किती उचलल्या? लूमशेड: कुठे गर्दी, धूर, अपघात आहे का? या तीन प्रश्नांना तीन वेगळ्या प्रकारचं चित्र लागतं.

चित्राची ताकद मोजायचं एकक म्हणजे एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात ते. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात ढोबळमानाने असं धरलंय: माणूस आहे एवढं कळायला २५, तो काय करतोय हे बघायला ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला २५०. चार मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं. २५६० भागिले २५० म्हणजे १०.२ मीटर. चौकटीत दिसणारी जागा जिथे याहून रुंद होते, तिथून पुढे अनोळखी चेहऱ्याची आशा सोडायची.

आता लेन्स. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंश बघते, त्यामुळे कॅमेऱ्यापासून सव्वाचार मीटरवरच चौकट १०.२ मीटर रुंद होते. ६ मिलिमीटरची लेन्स पन्नासेक अंश बघते आणि तीच रुंदी साडेदहा-अकरा मीटरवर येते. बाजारात सगळीकडे २.८ लावतात, कारण मोबाइलवर दाखवताना "सगळं दिसतंय" असं वाटतं. सगळं दिसतं हे खरं, पण ओळखू काहीच येत नाही.

आपल्या नमुन्यात वाटणी अशी होईल: गेटच्या छोट्या दारावर ६ मिलिमीटरचा एक, गेटसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी भरताना बघायला ४ मिलिमीटरचा एक, गोडाऊनच्या दारावर ४ चा एक, गोडाऊनच्या आत २.८ चा एक, लूमशेडमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांत २.८ चे दोन, पॅकिंगला एक, ऑफिसात पैसे मोजायच्या टेबलावर एक. यांतल्या गेटच्या छोट्या दाराला आणि गोडाऊनच्या दाराला चित्राचा दर्जा जास्त लागतो, बाकीचे सहा साधे चालतात.

चेहऱ्याचा कॅमेरा सव्वादोन ते अडीच मीटर उंचीवर हवा. चोरानं हात लावू नये म्हणून तो चार मीटरवर चढवतात आणि मग वर्षभर टोप्या आणि टक्कल रेकॉर्ड होतं. हात लागण्याची भीती असेल तर त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा उंचावर लावा.

गाडीचा नंबर या कॅमेऱ्यांतून रात्री मिळेल असं गृहीत धरू नका. हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरी पडते. नंबर हवाच असेल तर फक्त पाटीवर रोखलेला, १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटरचा वेगळा कॅमेरा लागतो.

लूमशेडचे स्वतःचे नियम

यंत्रमागाच्या शेडमध्ये घरचे नियम चालत नाहीत. पहिली गोष्ट हादरे. शटल लूम चालू असताना लोखंडी खांब आणि कैची थरथरतात. तिथे लावलेला कॅमेरा दिवसभर हलत राहतो, चित्र पुसट येतं आणि तीन महिन्यांत स्क्रू सैल होतो. कॅमेरा बांधीव भिंतीवर लावा. खांबाशिवाय पर्यायच नसेल तर स्प्रिंग वॉशर घाला.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेत उडणारा कापसाचा तंतू. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की लेन्ससमोरचा प्रत्येक तंतू चमकतो आणि पडद्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. रात्रपाळीत शेडचे दिवे चालूच असतात, तेव्हा तिथल्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड बंद करून त्यांना कायम 'डे' मोडवर ठेवा. डोमपेक्षा बुलेट कॅमेरा इथे बरा. डोमच्या काचेवर तंतू बसला की उजेड आतल्या आत परततो आणि सगळं चित्र धुरकट होतं.

तिसरी गोष्ट उन्हाळा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून बराच वर. बाहेरचे बहुतेक कॅमेरे ६० अंशांपर्यंत चालतात असं पेटीवर लिहिलेलं असतं, पण तापलेल्या पत्र्याला चिकटून बसवला तर ती मर्यादा फार लांब राहत नाही. पत्र्यापासून निदान एक फूट खाली, भिंतीवर, आणि पश्चिमेच्या उन्हात असेल तर वर छज्जा. एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, मात्र शेडमध्ये ठेवूच नका. त्याच्या पंख्यात तंतू गुंडाळला की पंखा थांबतो आणि आधी हार्ड डिस्क मरते. ऑफिसात, हवेशीर कपाटात, कुलूप लावून ठेवा. चोर कॅमेरे सोडून एनव्हीआरच उचलून नेतात हेही त्याचं कारण.

केबल: इथे पैसे वाचवायचे नाहीत

कॅट-६ या नेटवर्क केबलीची मर्यादा १०० मीटर आहे, तीही शेवटच्या छोट्या तारा धरून. नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. केबल जिथून जाणार त्या भिंतीच्या कडेनं, चढ-उतारासह टेप धरा. आपल्या नमुन्यात आठ अंतरं अशी येतील असं धरू: १२, १८, २५, ३१, ३४, ४२, ४८ आणि ५५ मीटर. बेरीज २६५. प्रत्येकी तीन मीटर जादा, म्हणजे २८९. एक खोकं ३०५ मीटरचं येतं, ते पुरतं, पण अगदी काठावर. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. कापण्याआधी तो वहीत लिहून ठेवला की कुठे किती गेली याचा वाद राहत नाही.

शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. स्वस्तात मिळणारी बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तार ब्लेडनं खरवडा: आत चंदेरी दिसली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो. कॅमेऱ्याला वीज याच केबलीतून जाते, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत दाब कमी पोचतो. दिवसा काहीच जाणवत नाही. संध्याकाळी इन्फ्रारेड दिवे लागले, विजेची मागणी वाढली, की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि हेच रात्रभर चालतं. सगळे कॅमेऱ्याला दोष देतात.

मोटरच्या थ्री-फेज तारांपासून किमान एक फूट अंतर ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा, एका पाइपात दोन्ही कधीच नको.

आता जोडणी, जिथे नवा माणूस हमखास चुकतो. आरजे-४५ कनेक्टरची (केबलीच्या टोकाला बसणाऱ्या प्लगची) प्लास्टिकची खिटी मागे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि तारा आत जातात ते तोंड खाली धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारा एकाच रेषेत कापा, कनेक्टरच्या टोकाला प्रत्येक तारेचं तांबं दिसेपर्यंत आत ढकला आणि केबलचं बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत दाबलं जाईल असं बघा, नाहीतर ओढ थेट आठ बारीक तारांवर येते. काही जण दोन्हीकडे एकच क्रम आहे ना, मग रंग कुठलेही चालतील, असं म्हणत जोड्या शेजारी शेजारी लावतात. साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात आणि तरीही लाइन लंगडते. पिन ३ आणि ६ यांची एक जोडी असते. ती एकमेकींत पिळलेली हिरवी जोडीच हवी, नाहीतर दहा मीटरवर चालणारी लाइन पन्नास मीटरवर अडखळते.

कॅमेऱ्यामागचा जोड भिंतीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये जायला हवा. बाहेर लोंबता ठेवून त्यावर टेप गुंडाळली तर वळवाच्या पहिल्या पावसात तो हिरवा पडतो. केबल बॉक्समध्ये खालून आणा आणि आत जाण्याआधी थोडा झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. वळवात विजाही पडतात. गेटच्या कॅमेऱ्याच्या केबलीला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं उपकरण) आणि खरी अर्थिंग हवी. गेट १०० मीटरपलीकडे असेल तर तांबं सोडा, फायबर टाका. फायबरमधून वीज येतही नाही, जातही नाही.

स्विच, वीज, डिस्क

सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली ज्या डब्यात एकत्र येतात तो स्विच. पीओई म्हणजे एकाच केबलीतून डेटा आणि वीज. ८०२.३एएफ प्रकारात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरायचे. साधा चार मेगापिक्सेल कॅमेरा रात्री सातेक वॅट घेतो. आठ गुणिले सात म्हणजे ५६. त्यामुळे एकूण ६० वॅटचा स्विच कागदावर बसतो, प्रत्यक्षात नको. ९६ किंवा १२० वॅटचा घ्या. 'पीओई' असं नुसतं लिहिलेले काही स्वस्त स्विच समोर काय जोडलंय हे न विचारता सरळ ४८ व्होल्ट सोडतात. पेटीवर ८०२.३एएफ किंवा एटी छापलेलं नसेल तर तो स्विच सोडा.

एनव्हीआरच्या मागे पीओई पोर्ट असलेले मॉडेलही मिळतात. त्यांची मांडणी सोपी असते, पण एक पोर्ट गेला की अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं. वेगळा स्विच घेतला तर तेवढाच बदलता येतो, म्हणून आमचा कल तिकडे.

युपीएसचं गणित असं: कॅमेरे ५६, स्विच, एनव्हीआर, डिस्क आणि राउटर मिळून चाळीसेक, एकूण १०० वॅटच्या आसपास. ६०० व्हीएच्या युपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. तोटा वजा जाता अर्धा तास मिळाला तरी खूप. वीज तासन्‌तास जाणार असेल तर १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर लावा: १८०० वॅट-तासांतले सत्तर टक्के धरले तरी बारा तास निघतात. राउटर त्याच लाइनवर घ्यायला विसरतात आणि वीज गेली की मालकाच्या मोबाइलवर काहीच दिसत नाही.

डिस्कसाठी एकच आकडा पाठ करा: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे चित्राच्या डेटाचा वेग) म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. आपले दोन महत्त्वाचे कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस, सहा साधे प्रत्येकी २, एकूण २० एमबीपीएस. दिवसाला २१६ जीबी, तीस दिवसांना सुमारे साडेसहा टीबी. ८ टीबीची डिस्क घेतली की महिना निघतो आणि वर आठवडा उरतो. पंधरा दिवस पुरतील असं वाटतं खरं, पण दिवाळीची सुट्टी आणि "माल कमी आला" अशी व्यापाऱ्याची तीन आठवड्यांनी आलेली तक्रार दोन्ही त्यात बसत नाहीत. डिस्क सर्व्हेलन्स प्रकारचीच घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

कॅमेरा घेताना एक गोष्ट तपासा: एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचं प्रमाणन सक्तीचं झालं आहे. जुना साठा स्वस्तात मिळतो तो याच कारणानं असू शकतो.

टेबलावरच सेटिंग

कॅमेरे शिडीवर चढवण्याआधी सगळे टेबलावर मांडा. नव्या कॅमेऱ्यांना कारखान्यातून एकच पत्ता मिळालेला असतो. हिकव्हिजन कंपनीचा १९२.१६८.१.६४, दाहुआ कंपनीचा १९२.१६८.१.१०८. आठही एकदम जोडले तर आठ जण एकाच घर नंबरावर हक्क सांगतात. एकेक जोडा, पासवर्ड द्या, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) नवं करा, पत्ता बदला, आणि कॅमेऱ्यावर पेननं नंबर लिहा.

पत्त्यांची आखणी वहीत: राउटर १९२.१६८.१०.१, एनव्हीआर १०.१०, कॅमेरे १०.११ ते १०.१८. राउटर आपोआप वाटतो ते पत्ते १०.१०० च्या पुढे ठेवा, म्हणजे एखाद्याचा मोबाइल गोडाऊनच्या कॅमेऱ्याचा पत्ता बळकावणार नाही.

वेगळ्या कंपनीचा कॅमेरा एनव्हीआरला जोडायचा असेल तर ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची सामाईक भाषा, लागतं. काही कॅमेऱ्यांत ते मुळात बंद असतं आणि त्यासाठी वेगळा युजर बनवावा लागतो. पासवर्ड बरोबर असूनही "ऑफलाइन" दिसतंय याचं निम्म्या वेळा कारण हेच.

वेळेकडे सगळे दुर्लक्ष करतात. टाइम झोन अधिक ५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद, एनव्हीआरची वेळ इंटरनेटवरून आणि कॅमेऱ्यांची वेळ एनव्हीआरवरून. गेटचं घड्याळ गोडाऊनच्या चार मिनिटं पुढे असेल तर माणूस गाठ उचलण्याआधीच गेटबाहेर गेलेला दिसतो आणि सगळ्या पुराव्याची माती होते.

चित्राची सेटिंग: एच.२६५ (चित्र दाबून साठवायची पद्धत), २५६० गुणिले १४४०, सेकंदाला १५ फ्रेम, आय-फ्रेमचं (पूर्ण साठवलेल्या चित्राचं) अंतर ३० फ्रेम, बिटरेट वर ठरवलेला ४ किंवा २ एमबीपीएस. मोबाइलसाठीची दुसरी धारा ६४० गुणिले ३६०, एच.२६४, ५१२ केबीपीएस. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून अँटी-फ्लिकर ५० वर हवा. ६० वर राहिला तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत राहतात. शटर १/२५ पेक्षा हळू होऊ देऊ नका. हळू शटरनं रात्र उजळ दिसते, पण चालणारा माणूस भुतासारखा पुसट होतो. सकाळचं ऊन गेटमधून समोरून येत असेल तर फक्त त्या कॅमेऱ्याला डब्ल्यूडीआर (झगझगीत आणि काळोखी भाग एकाच चित्रात सांभाळणारी सोय) चालू करा.

रेकॉर्डिंग सतत ठेवा. हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करायचं, ही सोय लूमशेडमध्ये फुकट आहे, कारण तिथे हालचाल थांबतच नाही. गोडाऊनच्या आत मात्र 'माणूस दिसला' एवढ्यावर सूचना लावा आणि वेळ रात्री आठ ते सकाळी सात ठेवा. डिस्क बिघडली, कॅमेरा गेला, या दोन सूचनाही चालू करा. रेकॉर्डिंग महिनाभर बंद असल्याचं चोरीनंतर कळणं हा नेहमीचा प्रकार आहे.

बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडू नका आणि यूपीएनपी, म्हणजे पोर्ट आपोआप उघडणारी सोय, बंद करा. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (जुन्या पद्धतीची रेकॉर्डिंग यंत्रं) ताब्यात घेतले होते, ते असेच उघड्यावर होते. कंपनीचं ॲप, मजबूत पासवर्ड आणि ओटीपी एवढं पुरतं. वॉचमनला फक्त लाइव्ह बघता येईल असा वेगळा युजर द्या. ॲडमिनचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे राहता कामा नये.

कुठे लावायचे नाहीत

स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, महिला कामगारांची विश्रांतीची खोली: इथे नाही, आणि दार उघडलं की आत दिसेल अशा कोनातही नाही. खासगी क्षण टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. शेजाऱ्याची खिडकी चौकटीत येत असेल तर प्रायव्हसी मास्कनं झाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. "इथे कॅमेरे चालू आहेत" ही पाटी मराठीबरोबर तेलुगूतही लावा. आपल्याकडच्या शेडमध्ये ती वाचणारे बरेच असतात.

चाचणी आणि देखभाल

पैसे चुकते करण्याआधी रात्री आठ वाजता एकाला गेटमधून नेहमीच्या चालीनं आत यायला लावा, गोडाऊनपर्यंत न्या आणि मग लाइव्ह नाही, प्लेबॅक बघा. चेहरा थांबवून ओळखता येतो का? येत नसेल तर कॅमेरा खाली घ्या किंवा लेन्स बदलून मागा. नंतर पाच मिनिटांचं फुटेज पेन ड्राइव्हवर काढा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर चालवून बघा. काही कंपन्यांची जागा वाचवणारी खास कॉम्प्रेशन पद्धत साध्या प्लेअरवर उघडत नाही, आणि ते पोलीस ठाण्यात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

फुटेज पुरावा म्हणून द्यायची वेळ आलीच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा, लिहायची असते. म्हणून फाइल काढल्या काढल्या तिची एसएचए-२५६ हॅश काढून वहीत उतरवा, मूळ फाइल कापू नका, आणि एनव्हीआरमधला तो दिवस 'लॉक' करा, नाहीतर महिन्यानं त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

देखभालीत शेडमधल्या कॅमेऱ्यांना दर पंधरवड्याला आधी ब्लोअर मारा, मग ओलसर मऊ कापड. कोरडंच पुसलं तर धूळ काचेवर ओरखडे काढते. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्सवर जाळं विणतो. गेटचा कॅमेरा रात्री अचानक पांढरा दिसू लागला की तंत्रज्ञाला फोन करण्याआधी केरसुणी घेऊन जा.